माहेरचा उपास

११ जानेवारी. आमच्या औषधांच्या दुकानातल्या फ्रीजने बर्फ धरला होता, म्हणून आज तो बंद करून साफ करायचा होता. आधी सगळं इन्सुलिन बाहेर काढलं, थंड पिशवीत घातलं आणि घरी आणलं. घरच्या फ्रीजमध्ये तसूभर जागा नव्हती. मेथीची जुडी आणि दुधाची पातेली ओट्यावर काढून ठेवली, तेव्हा कुठे डबे बसले.

गेल्या वर्षीपर्यंत या कामाला फक्त रस्ता ओलांडावा लागत असे. समोर द्रौपदाकाकूंचं घर होतं. त्यांच्या फ्रीजमध्ये दह्याचं गाडगं, कोथिंबीर आणि अर्धं लिंबू याखेरीज काही नसायचं. डोणगावात लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही. दुकानातला फ्रीज तापायला लागला की मी डबे उचलून त्यांच्याकडे जात असे. काकू गाडगं बाजूला सरकवत विचारायच्या, “औषधाले दह्याचा इटाळ तं नाई न होत?” नाही म्हटलं की दार लावायच्या आणि लगेच पुढचा प्रश्न, “जेवली का वं?”

हा प्रश्न त्या साऱ्या गावाला विचारत. उंच, काटक बाई, पदर कायम कमरेला खोचलेला. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, वावर बटईने, अर्ध्या वाट्यावर, दिलेलं, एकुलता मुलगा प्रमोद पुण्यात नोकरीला. सकाळची कामं आटोपली की त्या बाहेरच्या ओट्यावर बसत आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला जेवलास का म्हणून विचारत. “नाही” असं उत्तर आलं तर त्याला आत नेत. माझ्याकडे एका औषध कंपनीचा प्रतिनिधी यायचा. शुगरच्या नव्या गोळीचे गुण सांगता सांगता एकदा तो जेवला नाही असं काकूंना कळलं. त्यांनी त्याला ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी वाढली. त्यानंतर तो दर महिन्याला बरोबर जेवणाच्या वेळेला येऊ लागला. त्याची गोळी मी फारशी विकली नाही, पण त्याने डोणगाव कधी चुकवलं नाही.

काकूंचा जेवण या शब्दाचा अर्थ मात्र ठरलेला होता. जेवण म्हणजे भाकर. भाकर पोटात गेली तर माणूस जेवला, नाही गेली तर उपाशी. बाकी सगळा तोंडाचा चाळा. एकदा मेहकरला लग्नाला गेल्या होत्या. पुरी, मसालेभात, जिलेबी असं सगळं व्यवस्थित खाऊन आल्या आणि घराचं कुलूप काढता काढता मला म्हणाल्या, “मांडवात जेवन झालंच नाई बाप्पा.” मग चतकोर भाकर ठेच्याशी खाल्ली, तेव्हा त्यांच्या हिशेबी त्या जेवल्या. आम्ही या गोष्टीवर खूप हसलो होतो. त्यातच त्यांच्या आजाराची किल्ली असेल असं कोणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी औषधशास्त्र शिकलेली.

शुगर त्यांना साठीतच लागली होती. गोळ्या माझ्याच दुकानातून जात आणि त्या घेण्यात काकू पक्क्या होत्या. चहा बिनसाखरेचा. जेवण तर कोणत्याही आहारतज्ज्ञाने लिहून द्यावं असं: ज्वारी, पालेभाजी, तुरीचं वरण, ताक. तरी तीन महिन्यांची सरासरी काढली की ती वरच. बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाई गोळी बदलत, आहार विचारत, काकू भाकर-भाजी सांगत, डॉक्टरीणबाई कपाळाला आठी घालत.

दोन वर्षांपूर्वी मी त्यांना तपासणीसाठी घेऊन गेले, तेव्हा तिथे डोळ्याच्या आतला फोटो काढणारा छोटा कॅमेरा आला होता. डोळ्यात औषध घालून तासभर बसवण्याची भानगड नाही. तंत्रज्ञ मुलीने कॅमेरा डोळ्यासमोर धरला, क्षणभर लख्ख उजेड झाला आणि पडद्यावर चित्र आलं. काकू वाकून बघत म्हणाल्या, “हा तं संत्रा दिसून राह्यला.” खरंच तसं दिसत होतं, केशरी गोल, आत बारीक रेषा. त्या संत्र्यावर लाल ठिपके होते. कॉम्प्युटरने ते आपण होऊन दाखवले आणि डॉक्टरीणबाईंनी खात्री केली. शुगर डोळ्यांपर्यंत पोचली होती. आत्ताच आवरली तर नजर राहील, नाहीतर सांगता येत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

परतीच्या बसने चिखली सोडली. तेव्हा काकू म्हणाल्या, “प्रमोदले सांगू नको.” मी म्हटलं, सांगणार. आणि सांगितलं.

प्रमोदला निर्णय घ्यायला एक फोनसुद्धा पुरा लागला नाही. आईने पुण्याला यायचं, घर बंद करायचं. त्याचं चूक नव्हतं. एकटी बाई, डोळे जायची भीती, मदतीला फक्त समोरची दुकानदारीण. पण काकूंना पुणं नको होतं. त्या एकदा महिनाभर राहून आल्या होत्या. मुलगा चांगला, सून स्नेहल तर फारच चांगली, घर बाराव्या मजल्यावर. “तिथं खिडकीतून कोनाले इचारू जेवला का म्हनून? घारीले?” असं त्यांनी मला विचारलं होतं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की डोळे असोत नसोत, जायचं ते या घरातून.

डॉक्टरीणबाईंनी मधला मार्ग काढला. दंडाला मागच्या बाजूने चिकटवायचं एक सेन्सर येतं, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं. त्याची केसासारखी बारीक तार कातडीखाली जाते आणि दोन आठवडे रात्रंदिवस साखर मोजते. आकडा फोनवर दिसतो. ते लावा, म्हणजे साखर केव्हा आणि कशाने चढते ते कळेल. प्रमोद म्हणाला, ठीक आहे, पण आकडे माझ्याही फोनवर आले पाहिजेत, आणि दोन आठवड्यांनी मी गाडी घेऊन येणार. सुधारलं नसेल तर आई गाडीत बसणार. काकूंनी हो म्हटलं. हो म्हणण्यावाचून इलाज नव्हता.

सेन्सर मीच लावलं. काकूंना दुखलं नाही, याचाच त्यांना संशय आला. त्याला त्या बटन म्हणत आणि दोन दिवसांत सारी गल्ली बटन म्हणू लागली. ओट्यावर बायका जमत, काकू फोन बघून आकडा सांगत, एकशे तीस, एकशे बेचाळीस, आणि बायका माना डोलावत. भाकर-भाजीने आकडा थोडा चढे आणि निमूट उतरे. काकूंची ऐट वाढली.

मग एका दुपारी प्रमोदचा फोन आला. आवाज फाटलेला. “वहिनी, आईची शुगर पन्नासच्या खाली गेली, फोन उचलत नाही, पळा.” मी गिऱ्हाईक तसंच उभं ठेवून ग्लुकोजचा डबा घेतला आणि पळाले. दार नुसतं लोटलेलं. काकू डाव्या कुशीवर, बटनाच्या हातावर अंग टाकून घोरत होत्या. हलवून उठवलं तर धडपडून बसल्या आणि पहिलाच प्रश्न, “कोन गेलं वं?” कोणी गेलं नव्हतं. घाम नव्हता, थरथर नव्हती. बोटाला सुई टोचून रक्त तपासलं, साखर उत्तम. सेन्सर अंगाखाली दाबलं गेलं की कधी कधी खोटाच कमी आकडा दाखवतं, हे मला माहीत होतं, प्रमोदला आता माहीत झालं. काकूंनी मात्र त्यातून वेगळा धडा घेतला. त्यांनी ओट्यावर जाहीर केलं की बटन खोटं बोलते.

त्यामुळे पुढच्या सोमवारी जे झालं ते अटळ होतं.

सोमवार काकूंचा उपास. तसाच चतुर्थीला, एकादशीला, श्रावणात आणि नवरात्रात. हे उपास सासूने त्यांना लग्नानंतर दिले होते, घरची भांडी द्यावीत तसे, रीतीसकट. उपासाला साबुदाण्याची उसळ, उकडलेला बटाटा, भगर, शेंगदाण्याची आमटी, संध्याकाळी शिंगाड्याचा शिरा. त्या सोमवारी दुपारी काकू माझ्या दुकानात बसल्या होत्या तेव्हा प्रमोदचा फोन आला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला, कारण त्यांना दुसऱ्या कुठल्या पद्धतीने फोन घेता येत नसे.

“आई, काय खाल्लं?”

“काही नाई. उपास हाये.”

“मग दोनशे ऐंशी कशी झाली?”

“तुह्या मशीनले इचार.”

“आई, निदान खोटं तरी नको बोलू.”

काकूंनी फोन काउंटरवर पालथा ठेवला. चेहरा उतरला होता. हट्टी, चढ्या आवाजाची, समोरच्याला नको असताना वाढणारी अशी ती बाई होती, पण खोटं बोलणारी नव्हती, आणि हे प्रमोदला माहीत असायला हवं होतं. पालथ्या फोनातून तो “हॅलो, हॅलो” करत होता. “सांग याले,” काकू मला म्हणाल्या, “मी खोटं बोलतो का?” मी फोन उचलून सांगितलं की आई खोटं बोलत नाही, मशीनही बोलत नाही, आणि मला चार दिवस दे. प्रमोद म्हणाला, ठरलेलं आहे वहिनी, मी येतो म्हटलंय त्या दिवशी येणार.

चतुर्थीला मी दुकान आमच्या ह्यांच्यावर सोपवलं आणि बोटातलं रक्त तपासायचं मशीन घेऊन काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. खाण्याआधी दोन्ही मशीनचे आकडे जवळपास सारखे आले. काकूंनी ते दोनदा वाचले. मग उसळ वाढून घेतली, वर बटाटा, शेजारी वाटीत गोड दही. बटनाचा हात अंगापासून दूर, हवेत धरून जेवल्या, म्हणजे दाबला म्हणायला जागा नको. मला म्हणाल्या, “तू खा. तुले कुठं शुगर हाये?” माझा उपास नव्हता तरी मी उसळ खाल्ली. काकूंच्या घरी नाही म्हणण्यात शक्ती फार जाते.

थोड्या वेळाने फोनवर आकड्याशेजारी वर जाणारा बाण आला. दोनशे झाले, मग सव्वादोनशे. काकू म्हणाल्या, “फोन गरम झाला असन.” मी बोट टोचलं. आकडा फोनपेक्षाही जास्त. काकूंनी बोट तोंडात घातलं आणि दुसऱ्या हाताचं पुढे केलं. “याचं पाह्य.” तेही टोचलं. तेवढंच. त्यांनी करंगळी पुढे केली. मी म्हटलं, काकू, सगळ्या बोटांत रक्त एकच आहे.

काकूंनी करंगळी मागे घेतली आणि ताट दूर सारलं.

“म्हंजे हे जेवनच होतं.”

“होतं,” मी म्हटलं. “भाकरीपेक्षा जड जेवण.”

“अन् मी इतकी वर्षं देवाले सांगून राह्यली, का मी उपाशी हाये.”

प्रमोद, डोळे, पुणं हे सगळं एका बाजूला राहिलं आणि त्या वेगळ्याच ठिकाणी अडकल्या. मी म्हटलं, सोडून द्या उपास, देव काही नापास करत नाही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला. मग त्यांनी विचारलं, निरंकार उपास करू का, नुसत्या पाण्यावर? तेव्हा मात्र मी आवाज चढवला. शुगरची गोळी पोटात आणि अन्न नाही, तर साखर खरोखर पन्नासच्या खाली जाईल, आणि त्या दिवशी मी पळत आले तरी उपयोग होणार नाही. उपास सोडायचा नाही, करायचाही नाही, असं त्यांचं होऊन बसलं. दुसऱ्या दिवशी ओटा रिकामा होता. जाणारे येणारे दाराकडे बघून पुढे जात होते.

त्याच्या पुढच्या सकाळी मी शटर वर केलं तर काकू समोर उभ्या. कोर्टात केस जिंकून आल्यासारखा चेहरा. मला नावाने हाक मारली.

“मीने, मले आठोलं.”

त्यांचं माहेर खामगावकडचं, एक लहानसं खेडं. तिथे त्यांची आई उपास करायची, पण साबुदाणा त्या घरात कधी शिजला नव्हता. उपास म्हणजे ताक, काकडी, राजगिऱ्याची पालेभाजी जिरं-मिरची घालून, मूठभर भाजलेले दाणे. एवढंच. लग्न होऊन डोणगावला आल्यावर पहिल्या एकादशीला काकूंनी राजगिऱ्याची भाजी चुलीवर टाकली, तर सासूने भांडं उतरवून ठेवलं. आमच्यात उपासाला पालेभाजी चालत नाही, म्हणाली. तिथून साबुदाणा सुरू झाला तो आजपर्यंत.

“सासूचा उपास सासूपाशी,” काकू म्हणाल्या. “बम दिवस, इतकी वर्षं, सासरचा केला. आता मी माह्या मायचा उपास करतो. देव तं दोन्हीकडचा एकच हाये न?”

मी म्हटलं, देवाचं तुम्ही बघा, गोळीचं डॉक्टरीणबाईंना विचारू. लगेच फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हसल्या, आणि उपासाच्या दिवसासाठी गोळीचा डोस बदलून दिला. शिवाय बजावलं की आकडा सत्तरच्या खाली गेला तर एकादशी असली तरी ग्लुकोज घ्यायचं. काकूंनी विचारलं, “उपासाले चालते का ते?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध आहे, चालतं.

पुढचा सोमवार माहेरचा झाला. फोनवरची रेघ दिवसभर वखरलेल्या वावरासारखी सपाट. दुपारी प्रमोदचा मेसेज मला आला: आईने आज उपास मोडला का? मी उत्तर दिलं, नाही, बदलला. त्याला काही कळलं नसावं.

एकादशीच्या दिवशी, बटनाची मुदत संपत आली असताना, तो गाडी घेऊन आला. डिकी रिकामी करून आणली होती. काकूंनी त्याला आधी जेवायला बसवलं, भाकर संपायच्या आत दुसरी टाकली, त्याने ताटावर हात धरला तर हात बाजूला करून वाढली. स्वतः ताक आणि राजगिऱ्याची भाजी घेऊन समोर बसल्या. मला बोलावलं होतं, साक्षीदार म्हणून असेल. जेवण झाल्यावर प्रमोदने फोनवर दोन्ही आठवड्यांची रेघ मांडली. पहिल्या आठवड्यात उपासाच्या दिवशी डोंगर. नंतर नाही. तो बोटाने मागे पुढे करत राहिला. हुशार मुलगा आहे, घाईने मान्य करणारा नाही.

“एका आठवड्यावरून काही ठरत नाही, आई,” शेवटी म्हणाला. “अजून एक बटन लावावं लागेल.”

“लाव,” काकू म्हणाल्या. “पन इथं.”

प्रमोदने माझ्याकडे बघितलं. मी ताटं उचलायला लागले. संध्याकाळी तो एकटाच परत गेला. डिकीत काकूंनी ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ आणि राजगिऱ्याचं बी भरून दिलं, स्नेहलला कुंडीत लावायला.

दुसरं बटन झालं, पुढे तिसरं. तीन महिन्यांची सरासरी खाली आली. डोळ्यांचा पुन्हा फोटो काढला तेव्हा ठिपके वाढले नव्हते, तेवढं पुरे होतं. काकू देवबाई झाल्या असं मात्र नाही. हुरड्याच्या दिवसांत त्या कोणाचं ऐकत नसत. उलट आता त्यांना दुसऱ्यांच्या ताटात बघायची सवय लागली. उपासाच्या दिवशी गल्लीतल्या बायकांच्या घरात शिरून पातेल्यांची झाकणं उचलत. दोघी-तिघींशी त्यांचं त्यावरून भांडणही झालं, आणि त्या भांडणात चूक बहुतेक काकूंचीच होती.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मागच्या हिवाळ्यात, दुपारी. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काकू ओट्यावर उन्हाला बसल्या होत्या. त्यांनी फोन डोळ्यांपासून लांब धरला, आकडा बघितला, आत गेल्या आणि हातात गुळाचा खडा घेऊन आल्या. मी बघते आहे हे त्यांना दिसलं. खडा त्यांनी लपवला नाही. रस्त्यापलीकडून मला म्हणाल्या, “एकशे पाच हाये. जागा हाये.” आणि तोंडात टाकला. दुसऱ्या दिवशी मी माल आणायला अकोल्याला गेले होते. दुपारी काकू जेवून आडव्या झाल्या आणि उठल्या नाहीत, आपल्याच घरात. डॉक्टर म्हणाले हृदय थांबलं, शुगरचा काही संबंध नव्हता. प्रमोदने मला ते दोनदा विचारून घेतलं.

१२ जानेवारी. सकाळी लवकर जाऊन फ्रीज सुरू केला, गार झाल्यावर इन्सुलिन परत मांडलं. पहिलं गिऱ्हाईक एक म्हातारी, विश्वी गावाकडची, बरोबर सून. म्हातारीला नवीनच शुगर निघाली होती, हातात गोळ्यांचं पाकीट. गोळी जेवल्यावर घ्यायची सांगितलं आहे, पण उद्या उपास, जेवणार नाही, तर घ्यायची का, असं सुनेने विचारलं. सासू मध्येच म्हणाली की उपास सुटणार नाही, आधीच सांगून ठेवते.

मी म्हटलं, सोडू नका. गोळीचं तुमच्या डॉक्टरांना फोन करून विचारू. आणि म्हातारीला विचारलं, “आजी, तुमच्या माहेरी उपासाले काय चालायचं?”

तिने पिशवी काउंटरवर ठेवली. “माह्या माहेरी?” म्हणाली, आणि सुनेकडे एकदा बघून सांगायला लागली. मी तिला खुर्ची दिली.